चौदा खंड, तेवीस वर्षं आणि एक वेणी: ‘द व्हील ऑफ टाइम’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात रॉबर्ट जॉर्डनच्या या इंग्रजी फँटसी कादंबरीमालिकेवरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. त्याची खबर गटाबाहेर गेली आणि व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येऊ लागले. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठे दुखले, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते. कथानकातलं मोठं काही फुटणार असेल तिथे उत्तराच्या सुरुवातीला ‘रसभंग’ असं लिहिलं आहे. न वाचलेल्यांनी तो प्रश्न ओलांडून पुढे जावं.

१. ही मालिका नक्की किती पुस्तकांची आहे? कोणी चौदा म्हणतं, कोणी पंधरा.

दोघंही बरोबर. मुख्य मालिका चौदा पुस्तकांची, आणि ‘न्यू स्प्रिंग’ हे पूर्वकथेचं छोटं पुस्तक वेगळं (ते कधी वाचायचं, ते प्रश्न ११मध्ये). पहिलं ‘दि आय ऑफ द वर्ल्ड’ जानेवारी १९९०मध्ये आलं, शेवटचं ‘अ मेमरी ऑफ लाइट’ जानेवारी २०१३मध्ये. इंग्रजीत सगळे मिळून सुमारे ४४ लाख शब्द. लेखक रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरे जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनिअर. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा माणूस. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर होता, मग पदार्थविज्ञान शिकून अणुक्षेत्रात अभियंता झाला आणि त्यानंतर लेखक. लढाईनंतर माणसाच्या हातांचं काय होतं, हे त्याला कुठून कळलं असेल, असा प्रश्न पुस्तकं वाचताना पडत नाही.

२. गोष्ट काय आहे? थोडक्यात सांगा.

एका आडगावातली तीन पोरं. एका रात्री गावावर राक्षसी सैन्याचा हल्ला होतो, आणि शक्ती वापरू शकणारी एक बाई त्यांना घेऊन निघते, कारण तिघांपैकी एकजण जगाला वाचवणारा, आणि त्याच वेळी मोडणाराही, असणार आहे. मेख अशी की शक्तीचे दोन भाग आहेत. बायकांचा भाग शुद्ध, पुरुषांचा विटाळलेला. तो वापरणारा पुरुष कधी ना कधी वेडा होतोच. म्हणजे ज्याच्यावर सगळी भिस्त, त्याचीच सगळ्यांना धास्ती. बाकी चौदा खंड याच पेचाचे आहेत.

३. माझं इंग्रजी बेताचं आहे. झेपेल का?

झेपेल. भाषा सरळ आहे, अडचण नावांची होते. नावानिशी येणारी पात्रं दोन हजारांच्या वर आहेत. पहिल्याच पुस्तकापासून मागे शब्दसूची आहे आणि त्यात उच्चारही दिलेत. मी ती पानं न बघता कित्येक वर्षं ‘नायनेव्ह’ म्हणत होते. ते ‘नायनीव’ आहे. कानाने ऐकायचं असेल तर मायकल क्रेमर आणि केट रीडिंग या नवरा-बायकोच्या आवाजात सगळी मालिका आहे, चारशे तासांहून जास्त. पुरुष पात्रांच्या नजरेतली प्रकरणं तो वाचतो, बायकांच्या नजरेतली ती. पोळ्या लाटताना ऐकायला उत्तम.

४. एकाच पुस्तकाला एकजण पाच तारे देतो, दुसरा एक. खरं कोणाचं मानायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. माझं उत्तर असं, की आधी विचारा, ‘कधी वाचलंत?’

मी १९९९मध्ये फोर्टच्या फुटपाथवर चौथा खंड घेतला, कारण ढिगात तेवढाच होता. वर्षभरात मागचे-पुढचे गोळा करून २०००पर्यंत आठव्यापर्यंत आले. पुढे वाट बघायची. माझ्या भाचीने २०२१च्या पावसाळ्यात सुरुवात केली आणि आठ महिन्यांत चौदाही संपवले. आता आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसून एकाच पुस्तकाबद्दल बोलतो आणि दोन वेगळी पुस्तकं वाचल्यासारखं बोलतो.

एक उदाहरण. (रसभंग, सौम्य.) आठव्या खंडाच्या शेवटी त्या तीन पोरांपैकी पेरिनच्या बायकोला शत्रू पळवून नेतात. ती सुटते अकराव्यात. आठवा आला १९९८मध्ये, अकरावा २००५मध्ये. जे पुस्तक आल्या दिवशी घ्यायचे त्यांच्यासाठी ती बाई सात वर्षं शत्रूच्या छावणीत होती. माझ्यासाठी पाच. भाचीसाठी पाच आठवडे. ती म्हणते, “मावशी, पेरिनचा भाग जरा लांबलाय, एवढंच.” मी म्हणते, लांबलाय? दरम्यान माझं लग्न झालं, दोन घरं बदलली आणि हा अजून बर्फात उभा!

तिघांपैकीच दुसऱ्या, मॅटचंही तेच. सातव्याच्या शेवटी त्याच्यावर भिंत कोसळते, आठव्यात तो औषधालाही नाही, नवव्यात परत येतो. सलग वाचणाऱ्याला वाटतं, एक खंड गैरहजर. १९९६ला पुस्तक खाली ठेवलेल्याला चार वर्षं कळलं नाही, आपला लाडका जिवंत आहे की नाही.

एका ताऱ्याच्या पुष्कळशा प्रतिक्रिया अशा वाट पाहणाऱ्यांच्या आहेत, आणि तो राग खोटा नाही. फक्त आज पुस्तक हातात घेणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. उलटही खरं: सलग वाचणाऱ्यांना लेखकाच्या लकबी फार लवकर टोचतात (प्रश्न ८). दोन वर्षांत एकदा वाचताना त्या ओळखीच्या माणसाच्या खोकल्यासारख्या वाटायच्या.

५. सगळे ज्याला ‘स्लॉग’ म्हणतात ते काय प्रकरण आहे?

मराठीत पाल्हाळ. साधारण आठव्यापासून दहाव्यापर्यंतच्या खंडांना वाचक असं म्हणतात. कडक लोक सातवाही धरतात. सहाव्याचा शेवट इतका दणदणीत आहे की त्यानंतर कुठलंही पुस्तक हळूच वाटलं असतं. पण तेवढंच कारण नाही. जॉर्डनने जुने धागे सोडवायचं बंद केलं आणि नवे जोडत राहिला. प्रत्येक धाग्याला पाच-सहा प्रकरणं द्यायची म्हटली, तर एका खंडात कुठलाच पुढे सरकत नाही. ऋतू बिघडलेत, ते सुधारायला एक जादूचं भांडं हवं, हे सहाव्या खंडात कळतं आणि ते वापरलं जातं आठव्यात!

गंमत म्हणजे मुख्य मालिकेतला सगळ्यात लहान खंड, ‘द पाथ ऑफ डॅगर्स’, याच टप्प्यात येतो. कंटाळा पानांच्या संख्येवर नसतो, एवढं त्यावरून सिद्ध होतं. आणि हाच खंड न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारा मालिकेतला पहिला. लोक शिव्या देत होते आणि रांगेतही उभे होते.

६. दहावा खंड वगळला तर चालेल का?

या प्रश्नावर आमच्या गटात दोन तट आहेत, मी तिसरीकडे आहे.

‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३) खरोखर अडलेलं पुस्तक आहे. वाट पाहण्याचा दोष त्यातून वजा केला तरी. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, तिचा धक्का जगभर जाणवतो. मग दहावा उघडावा तर एकेक पात्र काही दिवस मागे जाऊन उभं आहे, आणि हळूहळू त्याच क्षणापर्यंत येऊन म्हणतं, अरे, हे लांबवर काय झालं? आपल्याला माहीत असतं काय झालं. ते त्यांना कळेपर्यंत चहा निवतात, अंघोळी होतात, हिशेबाच्या वह्या तपासल्या जातात.

पहिल्यांदा वाचताय? मग प्रस्तावनेचं लांबलचक प्रकरण आणि मॅटची सगळी प्रकरणं वाचा, बाकीच्यांचा सारांश वाचून अकराव्याला हात घाला. मॅट फिरत्या खेळवाल्यांच्या तांड्यात, पळवून आणलेल्या सरदारकन्येबरोबर पालात राहतो, तो भाग मालिकेतल्या सगळ्यात मजेदार भागांपैकी आहे आणि तो चुकवायचा नाही. ‘एकही पान सोडू नये’ म्हणणाऱ्यांना मी मान देते. त्यांच्यातल्या निम्म्यांनी पारायणाच्या वेळी पानं उलटलीत, हेही मला माहीत आहे.

७. पहिलं पुस्तक तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोलकीनची नक्कल वाटली. पुढेही असंच आहे?

नाही. शांत खेडं, काळे घोडेस्वार, गूढ मार्गदर्शक हे साम्य दिसतं आणि ते अपघाताने आलेलं नाही. सुरुवातीची पानं वाचकाला ओळखीच्या अंगणात उभं करण्यासाठी मुद्दाम तशी लिहिली, असं जॉर्डनने स्वतः सांगितलं होतं. दुसऱ्या खंडात वाट वेगळी होते, चौथ्यात पूर्णच. पहिल्यावर नाराज असलेल्यांना मी चौथ्यापर्यंत थांबायला सांगते. तिथे वाळवंटातल्या एका स्तंभवनात नायक आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांतून इतिहास उलटा बघतो, नातवाकडून आजोबाकडे, त्याच्याही आजोबाकडे. ते दोन अध्याय वाचूनही काही वाटलं नाही तर खुशाल सोडा, ही मालिका तुमच्यासाठी नाही.

८. बायका सारख्या वेण्या ओढतात, नाक मुरडतात, झगे सारखे करतात. लेखकाला बायका कळतात की नाही?

यावर जितकी माणसं तितकी मतं.

एक बाजू म्हणते: १९९०मध्ये सत्ता, विद्या, राजकारण सगळं बायकांच्या हाती असलेलं जग कोणी एवढ्या विस्ताराने उभं केलं होतं? राण्या, गावच्या वैदू, जहाजांच्या मालकिणी, शिवाय राजांना घाम फोडणारा एक अख्खा मठ. दुसरी बाजू म्हणते: हो, पण त्या सगळ्या एकाच सासूच्या सुना असल्यासारख्या बोलतात. मला दोन्ही पटतं. रागाची लकब एकदा ठरली की जॉर्डन ती शिक्क्यासारखी मारतो. शिवाय पुरुष पात्रंही सुटलेली नाहीत. तिन्ही पोरांना प्रत्येकी वाटत असतं की मुलींशी बोलायचं कसं ते त्या दुसऱ्या दोघांना बरोबर कळतं. हा विनोद चौदा खंड पुरतो.

तिसावं वर्ष ओलांडलेल्या वाचकांचं नायनीवबद्दलचं मत बदलतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसू येतं. कॉलेजात ती डोक्यात जाते: सारखी चिडलेली, सगळ्यांना सुनावणारी. पुढे कधीतरी लक्षात येतं, की ती गावची वैदू आहे, पंचविशीची, आणि तिच्या गावची ती तीन पोरं आणि एक मुलगी रात्रीतून नाहीशी झाली म्हणून एकटी त्यांच्या मागावर निघालेली आहे. चिडणार नाही तर काय?

(रसभंग, अकरावा खंड.) तिचा नवरा एका बुडालेल्या राज्याचा शेवटचा वारस. तो एकटाच सरहद्दीवर मरायला निघतो. ती त्याला अडवत नाही. उलट स्वतःच्या शक्तीने तिथे पोचवते, फक्त दोन हजार मैल अलीकडच्या टोकाला, म्हणजे त्याला घोड्यावरून यायला महिने लागतील. त्याच्याकडून एक वचन घेते: जो कोणी बरोबर यायला मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि मग पुढे जाऊन गावोगावी त्या राज्याची विखुरलेली माणसं शोधत फिरते. रत्नांचा सौदा करत बसलेल्या एका व्यापाऱ्यासमोर उभी राहून विचारते, तो एकटाच जाणार का? बाई निघून जाते. तो सौदा तसाच टाकून उठतो. दहाव्या खंडाला शिव्या देणारा आमच्या गटातला सगळ्यात तिखट सभासद हे प्रकरण मोठ्याने वाचताना मध्येच थांबला आणि पाणी मागायला लागला.

९. कालचक्र, युगं, पुनर्जन्म… हे सगळं आपलंच ढापलंय ना?

‘ढापलंय’ म्हणणारे आणि ‘बघा, आपली संस्कृती’ म्हणून छाती फुगवणारे, दोघंही मला थोडे घाईत वाटतात. जॉर्डनने बऱ्याच ठिकाणांहून उचललंय आणि ते लपवलेलं नाही. आर्थर राजाच्या कथा तर जागोजागी आहेत: गॅलाड, एग्वेन ही नावंच बघा. मॅटमध्ये उत्तरेकडच्या ओडिन देवाची छाया आहे. दुष्टशक्तीचं नाव ‘शैतान’चंच रूप आहे.

चक्राची कल्पना आपल्याला घरची वाटते खरी, पण फरक बघण्यासारखे आहेत. त्याच्या चक्राला सात आरे आहेत, सात युगं, आपली चार. त्याच्याकडे आत्मा परत येतो, पण कर्माचा हिशेब नाही. मागच्या जन्मीच्या पापाचं फळ म्हणून कोणी भोगत नाही. चक्र जे विणतं त्या विणकामाला त्या रंगाचा धागा हवा असतो म्हणून जन्म. आणि चाक रथाचं नाही, सूत कातायचं आहे. मोक्ष हा शब्द त्या जगात कोणाला सुचतच नाही. मला सगळ्यात मोठा फरक तो वाटतो.

भारताचा थेट धागा हवा असेल तर पहिल्या खंडाचं चौथं प्रकरण उघडा. गावात आलेला कथेकरी आपल्याजवळच्या गोष्टींची यादी सांगतो. आगीचा भाला जगाच्या पार फेकणारा मोस्क नावाचा राक्षस म्हणजे मॉस्को आणि त्याची क्षेपणास्त्रं. आणि त्याच यादीत मटेरीज नावाची एक वैद्यीण आहे, ‘इंड’ देशाची माता. मदर तेरेसा! आपलं युग त्यांच्या लेखी इतकं जुनं की कलकत्त्याची एक साध्वी दंतकथा होऊन बसलीय. हे मला तिसऱ्या पारायणात कळलं. मोठ्याने हसले.

१०. मूळ लेखक वारला आणि शेवट दुसऱ्याने लिहिला. जोड कळते का?

कळते, आणि बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही.

जॉर्डनला हृदयाचा दुर्मीळ आजार होता. १६ सप्टेंबर २००७ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी तो गेला. बारावा खंड अपुरा होता, पण त्याने टिपणं, काही प्रकरणं आणि सगळ्यात शेवटचा प्रसंग लिहून किंवा सांगून ठेवला होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक. तिने तरुण लेखक ब्रँडन सँडरसनची निवड केली. तो लहानपणापासून मालिकेचा वाचक होता. एक खंड ठरला होता, त्याचे तीन झाले: २००९, २०१० आणि २०१३.

फरक वेगाचा आहे. जॉर्डन दाराच्या चौकटीवरचं नक्षीकाम सांगतो. सँडरसन दार उघडतो. वाक्यं आखूड होतात, माणसं आधुनिक बोलतात. सगळ्यात ओरड झाली ती बाराव्यातल्या मॅटबद्दल: विनोद ओढूनताणून आणलेले. सँडरसनने ते स्वतः मान्य केलं, आणि पुढच्या दोन खंडांत मॅट सावरला. चौदाव्यातलं ‘द लास्ट बॅटल’ हे एकच प्रकरण सुमारे ७९ हजार शब्दांचं आहे, म्हणजे आपल्याकडची एक भरगच्च कादंबरी. ते रात्री दहाला सुरू करू नका.

११. ‘न्यू स्प्रिंग’ आधी वाचू की नंतर?

नंतर. कथा आधीची असली तरी आधी वाचलंत तर पहिल्या खंडातली निम्मी गूढं विरतात. निदान पाचव्यानंतर, नाहीतर दहाव्यानंतर. प्रकाशनाचा क्रमही तोच, २००४. दहाव्यानंतर वाचलंत तर लेखक आटोपशीरही लिहू शकतो, ही चांगली बातमीही मिळते.

१२. प्राइमवरची मालिका बघितली तर पुस्तकं वाचायची गरज आहे का?

तीन हंगाम आले (२०२१, २०२३, २०२५) आणि मे २०२५मध्ये ती बंद झाली, त्यामुळे गोष्ट तिथे संपतच नाही. जुने वाचक पहिल्याच भागात भडकले, कारण पेरिनला नसलेली बायको देऊन लगेच मारलीही. तिसरा हंगाम मात्र बऱ्याच रुसलेल्यांनाही आवडला. वर सांगितलेलं स्तंभवन त्यात आहे. अलॅनाच्या भूमिकेत आपली प्रियांका बोस आहे.

१३. मुलगी तेरा वर्षांची आहे, जाड पुस्तकं फडशा पाडते. देऊ का?

पहिला खंड द्या. दुसऱ्यात बायकांना गळपट्टा घालून गुलाम करण्याचा भाग आहे. तो तिने वाचला की तिच्याशी बोला. शृंगार बहुतेक दाराआड राहतो.

माझी खरी अडचण सातव्या खंडात आहे. (रसभंग.) एक राणी मॅटला सुऱ्याच्या धाकाने आपल्या खोलीत ओढते, आणि बाकीची पात्रं ते हसण्यावारी नेतात. त्या काळी बऱ्याच वाचकांनीही तसंच नेलं, पुढे वाचलं तेव्हा मीही. आज तरुण वाचक तिथे थांबतात आणि विचारतात, हे उलट असतं तर? काहींच्या मते लेखकाला तोच प्रश्न विचारायचा होता, काहींच्या मते त्याला ते गमतीचं वाटलं. पुस्तकातून दोन्ही काढता येतं. पण तेरा वर्षांच्या मुलीने ते एकटीने सोडवावं असं मला वाटत नाही.

१४. सात वर्षांपूर्वी सहाव्या खंडावर सोडलं होतं. परत पहिल्यापासून वाचू?

पूर्वी प्रत्येक नवा खंड आला की मंडळी मागच्या सगळ्यांचं पारायण करत, म्हणून हा संकोच. गरज नाही. पाचवा आणि सहावा पुन्हा वाचा, आधीच्यांचे सारांश बघा. २०१५मध्ये हॅरिएट मॅकडूगल आणि जॉर्डनच्या दोन सहायकांनी मिळून काढलेला ‘कम्पॅनियन’ हा कोश हाताशी असेल तर पात्र विसरल्याची लाज वाटायचं कारण उरत नाही.

तो कोश सलग वाचू नका, त्यात सगळं फोडलेलं आहे. शब्दसूच्याही जपून. पाचव्याच्या शेवटी (१९९३) एकाचा खून होतो आणि खुनी कोण ते सांगितलं जात नाही. त्यावर सतरा वर्षं वाद झाले. तेराव्या खंडात (२०१०) उत्तर मिळालं, तेही मागच्या शब्दसूचीतल्या एका नोंदीत, जाता जाता.

१५. शेवटच्या पानावर तो पाइप पेटला कसा?

(रसभंग, पण कोणाचा पाइप ते सांगत नाही.) अगदी शेवटी एकजण पाइपात तंबाखू भरतो, पेटवायला काही नसतं, तो मनात विचार करतो आणि पाइप पेटतो. त्या वेळी त्याला ते जमायला नको. पुस्तकात याचा खुलासा नाही. हा जॉर्डनने मरणाआधी रचून ठेवलेल्या शेवटाचा भाग आहे, आणि ज्याला विचारायचं तो आता नाही.

आमच्या गटात याची सहा उत्तरं आहेत. भाचीचं म्हणणं, त्याने विणकामाच्या धाग्यालाच सांगितलं आणि धाग्याने ऐकलं. माझं म्हणणं दर पारायणाला बदलतं. सातवं उत्तर सुचलं तर पाठवा, फक्त मेसेजच्या पहिल्या ओळीत ‘रसभंग’ लिहा. गटात दोघंजण अजून नवव्यावर आहेत.